रापणीची मोटार

ती तक्रार मला अजूनही शब्दशः आठवते, कारण तशी दुसरी माझ्या टेबलावर कधी आली नाही. मोटार चोरीला गेली होती आणि तिचे इंजिन मात्र जागेवर होते.

मी तेव्हा मालवणच्या बाजूच्या एका किनारी पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी होतो. मूळचा मी घाटावरचा. सिंधुदुर्गात बदली झाली तेव्हा मित्रांनी मासे खा, तब्येत सांभाळ, असे दोन परस्परविरोधी सल्ले दिले. गुन्ह्यांबद्दल कोणी बोलले नाही. तिथे गुन्हे म्हणजे बांधाचे वाद, काजूच्या झाडावरून बाचाबाची, पर्यटकांचे हरवलेले मोबाइल आणि गोव्याहून डिकीत येणारी दारू. माणसे भांडखोर नाहीत. वाद घालायला मात्र त्यांना मनापासून आवडते. हा फरक समजायला मला पहिले वर्ष लागले.

फिर्यादी सोमवारी सकाळी आला. वय चाळिशीचे, मुंबईत कसल्याशा सल्लागार कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. त्याने आधी कार्ड दिले, मग नाव सांगितले. हुद्दा नावापेक्षा लांब होता. आमचे हवालदार लिहून घेऊ लागले.

"गाडीचा प्रकार?"

"क्लासिक. जपानी स्पोर्ट्स कार. सत्तरच्या दशकातलं मॉडेल. देशात अशा फार कमी आहेत."

"आसनं किती?"

"दोन."

हवालदारांनी फोटो पाहिला. लांबच लांब नाक, मागे बसका पाठीचा उतार, रंग पिकल्या काजूबोंडाचा. "एवढी लांब, आणि दोनच?" त्यांनी सरकारी कामाच्या मराठीत विचारले आणि फिर्यादीच्या चेहऱ्याकडे पाहून प्रश्न मागे घेतला.

गाडी होती फिर्यादीच्या वडिलांची. ते व्यापारी जहाजावर इंजिनिअर. तरुणपणी जपानच्या एका बंदरात त्यांनी ती पाहिली, घेतली आणि परतताना घरी आणली. काही वर्षे किनाऱ्याच्या रस्त्यांवरून फिरवली. मग खाऱ्या वाऱ्याने आपले काम सुरू केले. समुद्राकाठी लोखंड ठेवणे म्हणजे मुंग्यांच्या वाटेवर गूळ ठेवणे. चाकांवरचे पत्रे गेले, बसण्याखालचा तळ गेला, आणि शेवटी गाडी घरामागच्या मांगरात जाऊन उभी राहिली. मांगर म्हणजे शेतीचे सामान ठेवण्याची कौलारू झोपडी. जहाजावरून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती पुन्हा हातात घेतली आणि आठ-नऊ वर्षे खपून पहिल्यासारखी केली. आदल्या वर्षी ते वारले. घरात आता त्यांची पत्नी एकटीच. गावातल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर शिकवले. सगळा तालुका त्यांना 'टीचर' म्हणतो. आमचे हवालदारही त्यांचेच विद्यार्थी.

मुलाने ती गाडी किनाऱ्यावर नव्याने झालेल्या एका रिसॉर्टला द्यायचे ठरवले होते. स्वागतकक्षात काचेचा चौथरा बांधून तयार होता. उद्घाटनाला मंत्री येणार, गाडीवरचे रेशमी कापड ओढणार. गाडी न्यायला ट्रेलर सोमवारी येणार होता. रविवारी चर्चचे फेस्त, म्हणजे वार्षिक उत्सव. मायलेक सकाळी गेले, जेवणखाण, मिरवणूक करून संध्याकाळी परतले. मांगराचे दार ओढलेले होते. आत गाडी नव्हती.

मी पंचांना घेऊन जागेचा पंचनामा केला. कुलूप फोडलेले नव्हते, कारण कुलूप नव्हतेच. दारासमोर मऊ लाल माती. तीवर माणसांची पावले पुष्कळ, चाकाचा ठसा एकही नाही. आत जमीन झाडलेली. आणि मधोमध, दोन लाकडी ओंडक्यांवर, सहा सिलिंडरांचे इंजिन. पुसलेले. कार्बोरेटरांच्या तोंडात स्वच्छ फडक्यांचे बोळे. वर धुतलेले गोणपाट, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी कोपऱ्यांवर दगड.

"त्यांना ते उचलता आलं नसेल," फिर्यादी म्हणाला. "ही आंतरराज्य टोळी आहे, ऑफिसर. जुन्या गाड्यांच्या पार्टचं मोठं मार्केट आहे."

मी मान हलवली. पंचवीस वर्षांत मी बरेच चोर पाहिले होते. सामान सांडून पळणारे पाहिले, मोडून पळणारे पाहिले. पुसून, झाकून, कोपऱ्यांवर दगड ठेवून गेलेला एकही आठवेना.

शेजाऱ्यांचे जबाब घेतले. रविवारी ठोकाठोकीचा आवाज आला का? आला. कधी? दिवसभर. मग कोणी पाहायला का गेले नाही? सगळ्यांचे उत्तर एकच. त्या मांगरातून आठ-नऊ वर्षे ठोकाठोकीचाच आवाज येत होता. आला नसता तर पाहायला गेले असते.

टीचर ओसरीवर बसून सगळे ऐकत होत्या. मी विचारले, "टीचर, तुमचा कोणावर संशय?"

"संशय नाही," त्या म्हणाल्या. मी ते तसेच लिहून घेतले. पुढे मला त्या दोन शब्दांचा नीट विचार करावा लागला.

नियमाप्रमाणे यंत्रणा हलली. बिनतारी संदेश गेले. गोव्याच्या हद्दीवर, बांद्याला, नाकाबंदी लागली, घाटातल्या चौक्यांना वर्णन कळवले. वरिष्ठांचे फोन सुरू झाले, कारण मंत्र्यांचा दौरा ठरलेला होता आणि कापड ओढायचे तर कापडाखाली काहीतरी लागते. चार दिवस आमच्या पोरांनी उन्हात उभे राहून ट्रक तपासले. आंब्याच्या रिकाम्या पेट्या सापडल्या, दारू सापडली, एक घरातून पळालेले जोडपे सापडले. नारिंगी पत्र्याचा तुकडाही नाही.

खबर मिळाली ती मासळीबाजारात. हवालदार बांगडे घ्यायला गेले होते. म्हावरे विकणारी बाई तराजू धरूनच म्हणाली, "तुमचो सायब बांद्याच्या नाक्यार उभो ऱ्हवलो म्हणे?"

"ऱ्हवलो. तुका काय त्याचा?"

"माका काय? ऱ्हवूने. सावळी बरी आसा थंय." तिने एक बांगडा जास्त टाकला. "गाडी वाडयेच्या भायर गेलीच नाय, इतक्याच सांगतंय. तू माझ्याकडसून ऐकूक नाय."

हवालदारांनी परत येऊन मला हे सांगितले आणि ते बाईकडून ऐकलेले नाही असेही सांगितले.

मी नाकाबंदी उठवली आणि वाडीकडे वळलो. टीचरच्या घराखालीच, माडांच्या ओळीपलीकडे, रापणकरांची वाडी. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे लांब जाळे. होडीतून ते समुद्रात अर्धगोल टाकतात आणि दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवरून माणसे ओढतात. त्या सगळ्यांचा मुख्य तो तांडेल. इथला तांडेल साठीचा, उंच, काटक, समोरच्याला आपणच आरोपी आहोत असे वाटायला लावणाऱ्या नजरेचा. मेलेल्या इंजिनिअरचा तो बाळपणापासूनचा दोस्त, आणि गाडीच्या कामात कायम बरोबर. मी त्याला ठाण्यात बोलावले.

"गाडी कोणी चोरली?"

"सायबानु, गाडी चोरूक कोणी येवक नाय."

"मग गाडी कुठे आहे?"

त्याने बराच विचार केला. "आता गाडी अशी नाय."

"म्हणजे? बुडवली? विकली?"

"रामा रामा. मोरयेक कोण इकतलो?" शार्कला तिकडे मोरी म्हणतात, आणि वाडीत त्या लांब नाकाच्या गाडीचे तेच नाव होते.

"तुम्ही रविवारी कुठे होता?"

"मांगरात."

हवालदारांचे पेन थांबले. मी म्हणालो, "काय करत होता?"

"काम."

"कसलं काम?"

"गाडयेचा. आमचा काम थंयच असता." आणि एवढे बोलून तो गप्प झाला. मी आवाज चढवून पाहिला, उतरवून पाहिला, चहा देऊन पाहिला. चहा घेतला. चौकशीत खोटे बोलणारा माणूस मला नेहमी सोपा गेला. खोट्याला टेकू लागतात आणि टेकू काढता येतात. हा खरेच बोलत होता. विचारले तेवढेच आणि खरे. अशा माणसापुढे पोलीस निरुपयोगी असतो. घराघराची झडती घ्यायची तर कारण लेखी नोंदवावे लागते, आणि माझ्याजवळचे कारण म्हणजे न ऐकलेले एक वाक्य. मी त्याला सोडले.

या चौकशीत मला गाडीबद्दल मात्र बरेच कळले. तांडेल गप्प बसत होता तो फक्त रविवारबद्दल. त्याआधीच्या नऊ वर्षांबद्दल त्याला बोलायचेच होते. चाकांवरचे कुजलेले पत्रे होडीला फायबर चढवणाऱ्याने साचा काढून भरले. तळाचा पत्रा ट्रॉलरच्या वेल्डरने तुकड्यातुकड्याने बदलला. बैठका शिवल्या त्या होड्यांची छपरे शिवणाऱ्या शिंप्याने. पहिल्या बैठकीवर निळी ताडपत्री घातली म्हणून इंजिनिअरने दोन दिवस अबोला धरला होता. ब्रेकच्या नळ्यांना फ्रिज दुरुस्त करणाऱ्याने तांबे वाकवून दिले. पुढे त्या काढून पोलादी घातल्या, कारण इंजिनिअर म्हणाला, गाडी धावण्यापेक्षा थांबली पाहिजे. रबराच्या पट्ट्या, गॅस्केट, काचेभोवतालची बीडिंगे जहाजावर जाणाऱ्या वाडीतल्या मुलांनी एकेका बंदरातून आणली. इतर मुले परतताना अत्तर आणतात. या वाडीतल्या बायकांनी रबर पाहिले. आणि चासीच्या पोकळ दांड्यांत दर पावसाळ्याआधी मोरीचे तेल, जसे होडीच्या लाकडाला लावतात तसेच. गाडी चालू झाली तेव्हा आवाज उत्तम आला आणि वास असा, की मागोमाग मांजरे धावली.

"तो गेल्यार," तांडेल शेवटी म्हणाला, "झील इलो. पंधरा मिनटां उभो ऱ्हवलो. फोटो काडल्यान आणि गेलो." झील म्हणजे मुलगा.

दसरा त्यानंतर लगेच आला. ठाण्यात सकाळी शस्त्रपूजा. रायफली, लाठ्या, बेड्या पुसून मांडल्या, जीपला झेंडूची माळ घातली. हवालदारांनी बिनतारी यंत्रालाही कुंकू लावले. मी सहज म्हणालो, "वायरलेस हे कधीपासून शस्त्र झालं?"

"साहेब, ज्याच्यावर पोट चालतं ते आज पुजायचं. आज जिल्ह्यात एकही हत्यार फुलाशिवाय राहत नाही. आज झाकून ठेवलेलं पुढे हाताला लागत नाही म्हणतात."

"चोरलेलं असलं तरी?"

हवालदार कुंकवाची डबी हातात धरून माझ्याकडे पाहत राहिले. ते शेजारच्याच वाडीतले. त्यांना कितपत माहीत होते हे मी त्यांना कधी विचारले नाही, आणि त्यांनी निवृत्त होईपर्यंत कधी सांगितले नाही. असे संबंध टिकतात.

झडतीसाठी कारण लागते. दसऱ्याला कोणाच्या घरी सोने द्यायला जायचे तर कारण लागत नाही. मी साधे कपडे घातले, आपट्याच्या पानांची पिशवी घेतली आणि वाडीत गेलो.

पहिले घर वेल्डरचे. ओटीवर पाट, पाटावर हातोडा, कानस, वेल्डिंगचा चष्मा, आणि त्यांच्या रांगेत क्रोमचा गोल हेडलाइट, वर झेंडूचे फूल. मी सोने दिले, त्याने नमस्कार केला. आम्ही दोघांनीही हेडलाइटकडे पाहिले नाही. शिंप्याकडे मशीनशेजारी बैठक, तिच्यावर हळदीकुंकू आणि एक मांजर. फायबरवाल्याच्या तुळशीला टेकून नारिंगी दार उभे, त्यावर काढलेले स्वस्तिक. जहाजावरून रजेवर आलेल्या एकाच्या देव्हाऱ्यात वेग दाखवणारी तबकडी. एका म्हातारीने तर जाळ्याच्या सुया आणि कोयतीमध्ये रेडिएटरच ठेवला होता. मी थांबलेला पाहून तिने खुलासा केला, "माझो घोव गेलो. तेचो वाटो."

घोव म्हणजे नवरा. या प्रकरणात वाटा हा शब्द मी तिथे पहिल्यांदा ऐकला. तांडेलाच्या घरी पोहोचलो तोवर पिशवीतली पाने संपत आली होती. त्याच्या देवासमोर लाकडी कडेचे स्टिअरिंग, आणि मागच्या पडवीत, खांद्यांवरून वाहून आणलेला, गाडीचा उघडा सांगाडा.

"बसा, सायबानु," तो म्हणाला. "सगळ्यांकडे जावन इलास?"

"आलो."

"मगे बरा झाला. माका सांगूचा पडाक नाय."

त्याने जे सांगितले ते असे. रापणीत पगार नसतो. मासळी वाळूवर ओतली की वाटे पडतात. एक वाटा होडीचा, एक जाळ्याचा, आणि दोरीला ज्याने हात लावला त्या प्रत्येकाचा एक. वाटेने जाणाऱ्या परक्याने चार पावले दोरी ओढली तरी तो रिकाम्या हाताने जात नाही. इंजिनिअरने काम सुरू केले तेव्हा मजुरीचा विषय निघाला. तो हसून म्हणाला होता, आपण रापणच घातली समजा. हात लावील त्याला वाटा. गमतीनेच म्हणाला असेल. पण रापणकरांजवळ वाट्याची गंमत चालत नाही.

"तो जितो होतो तवसर रापण समुद्रात होती," तांडेल म्हणाला. "मोरी धावा होती, सगळे बसा होते, कोण वाटो मागतलो? पण झील ती काचेत ठेवूक निघालो. म्हणजे रापण संपली. मगे वाटे काडूक नकोत?"

"टीचरना विचारलं?"

तो पहिल्यांदाच खाली पाहू लागला. "फेस्त होता. त्येंका कित्याक तरास. त्येंचो वाटो ठेवलो मगे. होडयेचो वाटो मोठो, म्हणान इंजान."

तर दगड ठेवून झाकलेले ते गोणपाट म्हणजे चोरांची घाई नव्हती. मालकाचा वाटा होता.

दसऱ्याच्या दिवशी मी कोणाला काही केले नाही. दुसऱ्या दिवशी मात्र कायद्याकडे यावेच लागले. घरोघर जाऊन पंचनामे केले. एकही वस्तू ठाण्यात आणली नाही. जागेवरच सुपूर्तनाम्याने ज्याच्या त्याच्या ताब्यात ठेवली. याबद्दल मला वरून लेखी विचारणा झाली. मी उत्तर दिले की ठाण्याच्या आवारात जप्त वाहनांचे काय होते ते कृपया समक्ष येऊन पाहावे. आवारात तेव्हा एक जीप होती, जिच्यातून पिंपळ वर आला होता.

आता प्रश्न एकच उरला. संमतीशिवाय नेली तर चोरी. वाडीतली निम्मी घरे आरोपी, आणि त्यांतले तिघे-चौघे जहाजावर जाणारे. गुन्हा नोंद झाला की त्यांना पुन्हा जहाज नाही. संमती देणारी व्यक्ती एकच, आणि तिला मुलगाही एकच.

टीचरच्या ओसरीवर आम्ही बसलो. टीचर, फिर्यादी, तांडेल, हवालदार आणि मी. फिर्यादीने आईला आमच्यादेखतच सांगितले, "मम्मी, एक लक्षात ठेव. तू यांची बाजू घेतलीस तर मी या घरात परत पाय ठेवणार नाही."

टीचरनी चष्मा काढून पुसला. मी फिर्यादीला म्हणालो, "वडिलांनी मृत्युपत्र केलं होतं?"

"नाही. गरज काय? मी एकुलता एक."

"मग ख्रिस्तींच्या वारसा कायद्याप्रमाणे गाडीत एक तृतीयांश हिस्सा तुमच्या आईचा. रिसॉर्टला देताना त्यांची सही घेतली होती?"

तांडेल हवालदारांकडे वळून हलक्या आवाजात म्हणाला, "म्हणजे सरकारय वाटे काडता!"

"दोन हिस्से माझे आहेत," फिर्यादी म्हणाला.

"खंयचे रे?" तांडेलाला राहवले नाही. "हात लावलंस काय कदी? बापूस हाका मारून मारून दमलो. 'डॅडी, हात काळे होतत.' तुझे हात अजून गोरे आसत, बग."

"तू गप रे," टीचर त्याला म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "विचारा."

मी विचारले, "रविवारी गाडी खोलण्याला तुमची संमती होती का?"

मला वाटले, त्या होती म्हणतील. तांडेलालाही तसेच वाटले असावे. हवालदारांनी तर 'हो' लिहायला पेन टेकवलेच होते.

"नाही," टीचर म्हणाल्या. "मला कोणी विचारलं नाही. मी फेस्ताला होते."

फिर्यादीने सुस्कारा सोडला. तांडेल मान खाली घालून बसला.

"पण संध्याकाळी परत आले," टीचर पुढे म्हणाल्या, "तेव्हा हा फोन करत अंगणात फिरत होता. मी मांगरात गेले, गोणपाट उचललं. कार्बोरेटरात फडकी होती. ती अशी घालायला याच्या डॅडींनीच शिकवलं होतं सगळ्यांना, आत धूळ जाऊ नये म्हणून. मला लगेच कळलं कोण ते आणि कशासाठी ते. मी गोणपाट पुन्हा घातलं आणि दगड ठेवले. वाटा पसंत नसेल तर तो वाळूवरच नाकारायचा असतो, साहेब. एकदा उचलला की भांडण नाही. मी उचलला. म्हणून तक्रार द्यायला हा आला, मी नाही आले."

आणि मग मुलाला, "पुता, तू गाडी दिलीस तेव्हा मला विचारलं नाहीस. यांनी खोलली तेव्हा विचारलं नाही. दोघांनीही नाही विचारलं. पण यांनी माझ्यासाठी काहीतरी ठेवलं."

हे त्यांनी जबाबात स्वतःच्या हाताने लिहून दिले. फिर्यादी उठला, बॅग घेतली आणि आईने वाढून ठेवलेले ताट तसेच सोडून गेला. टीचर फाटकापर्यंत गेल्या नाहीत. त्याच्या गाडीचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत उभ्या मात्र होत्या. तांडेल म्हणाला, "टीचर, वाटे परत हाडूया काय?" त्या म्हणाल्या, "आता नको बोलूस," आणि आत गेल्या.

सरकारी वकिलांचे मत घेतले. वस्तूवर आपला हक्क आहे असे प्रामाणिकपणे समजून ती नेली, तर तो समज चुकीचा असला तरी चोरी होत नाही. गुन्हा गैरसमजातून दाखल झाल्याचे दाखवणारी 'क' समरी मी कोर्टात पाठवली आणि ती मंजूर झाली. त्याच आठवड्यात तांडेल ठाण्यात आला आणि कागदात गुंडाळलेली क्रोमची व्हीलकॅप माझ्या टेबलावर ठेवली. "तुमीय हात लावलास म्हणान." मला ती परत करावी लागली. लोकसेवकाने वाटा घेतला तर त्याला वेगळे कलम आहे, हे समजावताना माझी दमछाक झाली. त्याला वाटले, मला वाटा लहान वाटला.

रिसॉर्टचे उद्घाटन ठरल्या दिवशी झाले. काचेच्या चौथऱ्यावर फायबरचा डॉल्फिन ठेवला होता. मंत्र्यांनी कापड ओढले, टाळ्या पडल्या, भाषणात 'वारसा' हा शब्द बऱ्याचदा आला. डॉल्फिनबद्दल कोणाचीही तक्रार माझ्याकडे आली नाही.

फिर्यादी त्या नाताळला आला नाही. पुढच्या नाताळलाही नाही. त्या सुमारास माझी बदली झाली.

दोन वर्षांनी एका जुन्या खटल्यात साक्ष द्यायला मी मालवणला आलो. कोर्टातून सुटल्यावर टीचरना भेटायला गेलो. मांगर उघडे होते. आत चार ओंडक्यांवर नारिंगी सांगाडा, एक दार लावलेले, इंजिन अजून बाहेरच. चासीखालून दोन पाय बाहेर आले होते. पायात शहरी बूट.

"वडिलांच्या मिसाला, चर्चमधल्या प्रार्थनेला, आला होता," टीचर म्हणाल्या. "माझ्याशी बोलला नाही. जाऊन इंजिनजवळ बसला. मग तांडेलाला विचारलं, डॅडी गंज कशाने काढायचे. आता महिन्यातून एकदा येतो. माझ्याशी अजून थोडंच बोलतो." मग थोड्या वेळाने, "पण जेवतो."

तांडेल स्टुलावर बसून देखरेख करत होता. वाडीने वाटे एकेक करून परत आणले होते. नवी रापण घालायची तर जुने जाळे आधी जोडावे लागते, असा त्याचा युक्तिवाद. फक्त डावे दार कुवेतला गेलेल्याच्या बंद घरात अडकले होते. "घास रे, घास," तो खाली वाकून म्हणत होता. "मुंबयत घासूक शिकवूक नाय तुका? तेलाचो हात लाव. नाकाक रुमाल कित्याक? मोरयेचा तेल ता, अत्तर न्हय."

फिर्यादी बाहेर आला. चेहऱ्यावर गंजाची पूड, हात कोपरापर्यंत काळे. मला ओळखून तो जरा अवघडला. मी विचारले, "तुमचा वाटा कोणता ठरला?"

"अजून नाही ठरला," तो म्हणाला. "इतक्यात विचारायचं नसतं म्हणतात." आणि पुन्हा गाडीखाली गेला.

पोलिसाच्या कागदावर वस्तूच्या मालकाला रकाना असतो. तिला कोणाकोणाचा हात लागला याला रकाना नसतो, आणि असावा असे मी म्हणणार नाही. तेवढे कागद सरकारला परवडणार नाहीत. पण त्या केसनंतर उरलेल्या नोकरीत, बांधाचा किंवा वाटणीचा वाद समोर आला की सातबारा मागण्याआधी मी दोन्ही बाजूंना विचारत असे, यात तुमचा हात किती लागला आहे ते सांगा. निम्मे वाद त्या प्रश्नानेच मिटले. उरलेले निम्मे मिटले नाहीत, कारण तिथे हात दोघांचाही खराच लागलेला असे. ते वाद मी कोर्टात पाठवले आणि पाठवताना मला कोणत्याच बाजूचा राग येत नसे.